सुट्या भागांचा संसार

“खेळण्यासाठी का एवढे पैसे घालायचे?” हा प्रश्न २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या घरात महिनाभर घोळत होता. प्रश्न आमच्या सौभाग्यवतींचा, पैसे काही नातवाचे व काही आमचे, आणि वस्तू म्हणजे खेळांसाठीचा संगणक; तोही तयार न घेता एकेक भाग निवडून घरी जोडायचा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांत आज हाच विषय निघत असेल. म्हणून त्या महिनाभरात आम्ही जे शिकलो, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

आम्ही नरोलीला राहतो. दादरा-नगर हवेलीतील हे गाव २८ जुलै १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. पाठोपाठ २ ऑगस्टला सिल्वासाही मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत स्वतः उतरले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. पुढे करसवलतींमुळे या मुलखात कारखाने आले आणि कारखान्यांमागोमाग आमच्यासारखी माणसे आली. आज आमच्या आळीत गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली अशा चार भाषा कानांवर पडतात. मात्र संगणकाचे सुटे भाग चार दुकाने हिंडून, पारखून घ्यायचे तर वापी, सुरत किंवा थेट मुंबई गाठावी लागते.

नातू पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांची ओवाळणी आणि शेजारच्या मुलांची शिकवणी मिळून त्याने बत्तीस हजार रुपये साठविले होते. आमची एक ठेव मुदत पूर्ण होऊन हाती आली होती. तिच्यातले पन्नास हजार देण्याचे आम्ही कबूल केले. घरात ही बातमी फुटली तेव्हा सौभाग्यवती दोन दिवस आमच्याशी मोजकेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन अटी घातल्या: यंत्र बंद खोलीत न ठेवता बैठकीत ठेवायचे आणि पैशापैशाचा हिशेब वहीत मांडायचा. दोन्ही अटी मान्य झाल्या.

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. खेळ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी चालत आल्या आहेत. पैसे लावून खेळायच्या जाळ्यावरील खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली. त्याच कायद्याने स्पर्धात्मक ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २०२३ साली ई-क्रीडेची पदकेही दिली गेली. शिवाय खेळ रचणे हा आता एक व्यवसाय आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला खेळ २०२० साली जगाच्या बाजारात आणला. नातवाला हेच काम शिकायचे आहे आणि त्रिमिती चित्रे रचायला जे यंत्र लागते, ते बव्हंशी खेळाच्या यंत्रासारखेच असते. हे सारे ऐकून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मग आधी परीक्षा, मग राजी.” ही तिसरी अट झाली.

संगणक घरी जोडता येतो, याचे मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक काढला तो बाजारात मिळणारे इतरांचे भाग वापरून, आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. त्यामुळे जोडभाग कोणालाही बनविता येऊ लागले आणि आज एकाचा प्रोसेसर, दुसऱ्याचा मदरबोर्ड व तिसऱ्याची रॅम एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे याहून मोठे उदाहरण पुण्याचे आहे. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्यूटर नावाच्या चकत्या इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. त्या अनेक चकत्यांना एका कामाला जुंपणे, हे कर्तृत्व पुण्याचे. भाग विकत मिळतात, मेळ आपण घालावयाचा असतो.

हा मेळ घालताना सुरुवात कोठून करावी? आमची समजूत अशी की, आधी सर्वांत जलद प्रोसेसर घ्यावा. वापीच्या एका दुकानदाराने दिलेली यादीही तशीच होती: नावाने भारदस्त पण काही पिढ्या जुना प्रोसेसर, दुबळे ग्राफिक्स कार्ड, रंगीबेरंगी दिव्यांचे कॅबिनेट, आणि वीजपुरवठ्याच्या पेटीपुढे कंपनीचे नावच नाही. नातवाने ती यादी बाजूला ठेवली आणि आम्हांला विचारले, “आजोबा, पडदा कोणता घ्यायचा ते आधी ठरवू या का?”

प्रश्न योग्य होता. चित्र अखेर पडद्यावरच उमटते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे काढायची तर यंत्राला दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके रंगवावे लागतात आणि प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘फोर के’ पडद्यावर ठिपके चौपट, म्हणजे ८२,९४,४०० होतात आणि काम त्याच मानाने वाढते. बेताच्या पैशात फोर के पडदा घेणे म्हणजे छोट्या मोटरीवर चार मजल्यांचे पाणी चढविण्याचा हट्ट धरणे होय. आम्ही १०८० चा, पण सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा पडदा ठरविला. असा पडदा घेतल्यावर विंडोजमध्ये जाऊन ती १४४ ची गती स्वतः निवडावी लागते. अनेक जण ती न निवडता वर्षभर साठवरच खेळत राहतात.

हे ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून खेळाच्या यंत्रात सर्वांत मोठा वाटा त्याचा असावा. आमच्या हिशेबात तो एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला. कार्डाची स्वतःची स्मृती आजच्या नव्या खेळांसाठी ८ जी.बी.पेक्षा कमी नसावी. जुने कार्ड स्वस्त मिळते, पण त्याचा इतिहास विचारावा. इथीरियम या आभासी चलनाची पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बदलली, तोवर असंख्य कार्डे ते चलन मिळविण्यासाठी रात्रंदिवस राबविली जात होती. त्यांतली कित्येक मग जुन्या बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पण चालवून पाहिल्यावाचून घेऊ नये.

प्रोसेसर हा मुनीम. खेळातील शत्रूने कोठे वळावे, चेंडू कसा उसळावा, हे तो ठरवितो आणि कार्डाला कामे नेमून देतो. मुनीम मंद असला तर चांगले कार्डही हात बांधून बसते. तेव्हा मध्यम दर्जाचा, अलीकडच्या पिढीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा ठरतो. येथे खोबणीचे, म्हणजे सॉकेटचे, भान ठेवावे. ए.एम.डी.चा ए.एम.५ सॉकेट २०२२ मध्ये आला. त्यावर किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देत राहू, असे त्या कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे पुढे केवळ प्रोसेसर बदलून भागेल. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतो, त्यात अंगचे चित्रसामर्थ्य नसते. वेगळे कार्ड बसविल्यावाचून पडद्यावर काहीच दिसत नाही. मदरबोर्ड घेताना तो त्याच सॉकेटचा आहे ना आणि रॅम डी.डी.आर.४ लागते की डी.डी.आर.५, हे पाहावे. या दोहोंच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि जोर केला तर मोडते.

रॅमची एकच १६ जी.बी.ची पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात; दोन वाटांनी माल ये-जा करतो आणि खेळ अधिक नितळ चालतो. त्या दोन पट्ट्या चार खोबणींच्या बोर्डावर सामान्यतः दुसऱ्या व चौथ्या खोबणीत बसवायच्या असतात. साठवणीसाठी मदरबोर्डावरच बसणारी एन.व्ही.एम.ई. चकती घ्यावी. हल्लीचे काही खेळ एकटेच शंभर जी.बी.हून अधिक जागा व्यापतात, याचाही हिशेब धरावा.

एवढी यादी नोव्हेंबरात तयार झाली आणि ती आमच्या ब्याऐंशी हजारांत बसत होती. डिसेंबरात आम्ही दोघे वापीहून सकाळच्या फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रलला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर पोहोचलो. त्या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण भाग घ्यायला आलेला मनुष्य जुनेच नाव विचारतो. १९७४ साली पालघरला शिकत असताना आम्हीही येथूनच सहा ट्रान्झिस्टरांच्या रेडिओचे भाग नेले होते.

पहिल्याच दुकानात आमची यादी कोलमडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे स्मृतीच्या चकत्यांचा ओघ वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले होते. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एस.के. हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. त्यांपैकी मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरात घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा व्यवहार बंद करण्याचे जाहीर केले. दूरच्या त्या उलाढालीने आमच्या वहीत नऊ हजारांची तूट पाडली.

दुकानदार सज्जनपणे म्हणाला, “काका, एस.एम.पी.एस. साधा घ्या. कॅबिनेटच्या आत असतो, कोणाला दिसतो? चार हजार तिथेच वाचतील. आणि बिल नको असेल तर अठरा टक्के जी.एस.टी.ही वाचेल.” आम्ही मनातल्या मनात बेरीज केली आणि मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

नातू आमच्याकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, “आजोबा, तुमच्या रेडिओत काय जळलं होतं?”

ही गोष्ट आम्हीच त्याला दहा वेळा सांगितलेली. सहा महिने खर्चाच्या पैशांतून वाचवून आणलेले भाग आम्ही एका रविवारी डाक देऊन जोडले आणि संध्याकाळी रेडिओ बोलू लागला. पण बॅटरीचा खर्च परवडेना, म्हणून विजेवर चालविण्यासाठी मिळाला तेवढा स्वस्त एलिमिनेटर आणला. तो नऊ व्होल्टचा म्हणून घेतला होता. प्रत्यक्षात त्यातून किती दाब येत होता ते देव जाणे. चौथ्या दिवशी धूर निघाला आणि रेडिओ कायमचा गप्प झाला. पुन्हा भाग आणण्याइतके पैसे आमच्याकडे कधी साठले नाहीत. पुढे नोकरी लागली आणि तो नाद सुटला तो सुटलाच.

आम्ही दुकानदाराला थांबविले. पुढची दोन तास आजोबा-नातू समोरच्या उपाहारगृहात वही उघडून बसलो. कोठे कापायचे, याचा एक नियम त्या बैठकीत निघाला आणि या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट उचलायची तर ती हीच उचलावी. जे पुढे सहज जोडता येते ते आज थोडे घ्यावे. जे बदलताना सारे यंत्र उचकटावे लागते, किंवा जे बिघडले तर इतरांनाही घेऊन जाते, ते आज नीट घ्यावे.

त्या नियमाने एक टी.बी.ची साठवण अर्ध्यावर आली. मदरबोर्डावर तिच्यासाठी दुसरी खोबण मोकळी आहे. काचेच्या दारांचे, दिव्यांचे कॅबिनेट जाऊन साधे, पण पुढून जाळी असलेले आले. तेच खरे सोयीचे, कारण हवा खेळती राहते. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरले. ते सांगताना नातवाचा आवाज जरा पडला. वर्षभर त्याने त्या कार्डाची चित्रे पाहिली होती. वीजपुरवठा मात्र नामांकित कंपनीचा, ६५० वॅटचा कायम राहिला आणि प्रत्येक भागाचे अनुक्रमांक घातलेले पक्के बिल घेतले. हमीचा दावा करण्याची वेळ आली तर त्या कागदावाचून पुढे काही चालत नाही.

वीजपुरवठ्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तोच भाग सर्वांत दुर्लक्षित असतो. प्रोसेसर, कार्ड व इतर सर्व मिळून ऐन भरात जेवढी वीज ओढतील, त्याहून बरीच अधिक क्षमता ठेवावी; आमचे यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढते. पेटीवर ‘८० प्लस’ ही खूण असते. साध्या खुणेचा अर्थ असा की, पंचमांश, निम्म्या व पूर्ण अशा तिन्ही भारांवर ती भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के यंत्राला पोहोचविते. यंत्राला ३०० वॅट हवे असता ८० टक्क्यांची पेटी ३७५ वॅट घेते. उरलेल्या ७५ वॅटची नुसती उष्णता होते. खरोखरच चांगल्या पेटीत दाब चढला किंवा कोठे तारा भिडल्या तर ती स्वतः बंद पडून इतर भागांना वाचविते. खर्चाचे भय बाळगणाऱ्यांसाठी सांगतो: पडद्यासह ४०० वॅट धरले आणि रोज तीन तास खेळ चालला, तरी महिन्याला ३६ युनिट होतात. यू.पी.एस. घेताना त्यावरील व्ही.ए. आणि वॅट हे दोन आकडे निराळे वाचावेत. ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस. बहुधा ३६० वॅटचाच असतो. भिंतीतील अर्थिंग मात्र आधी तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. आमच्या बैठकीतील एका प्लगला अर्थिंगच नव्हते आणि हे आम्हांला इतक्या वर्षांनी कळले.

जोडणीचा दिवस रविवारच निघाला. बैठकीतील जेवणाचे टेबल रिकामे करून त्यावर खोकी मांडली. हिवाळ्याची कोरडी हवा. अशा हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि नाजूक चकत्यांना ती मारक ठरते. म्हणून दर थोड्या वेळाने उघड्या धातूला हात लावायचा, हा नियम. क्रम असा ठेवला: मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून आधी प्रोसेसर, मग रॅम, मग साठवण. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील छोटा त्रिकोण खोबणीवरील त्रिकोणाशी जुळवायचा आणि वरून जोर द्यायचा नाही. त्यावर उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढा. त्यानंतर पंखा; आणि पंख्याखालचे संरक्षक प्लास्टिक काढायला विसरायचे नाही. कॅबिनेटमध्ये पितळी उंचवट्यांवरच बोर्ड बसवायचा, नाहीतर त्याची पाठ पत्र्याला भिडते. अखेर ग्राफिक्स कार्ड, आणि पडद्याची तार त्या कार्डालाच. मदरबोर्डाच्या भोकात तार लावून कपाळाला हात लावणारे पुष्कळ असतात.

दुपारी चार वाजता नातवाने बटण दाबले. पंखे फिरले, बोर्डावरचा दिवा लागला. पडदा मात्र काळाच राहिला. अर्धा मिनिट गेले. एक मिनिट गेले. त्याचे ओठ कोरडे पडले होते. “काहीतरी जळलं, आजोबा,” असे म्हणून तो प्लग ओढायला वाकला. आमच्याही डोळ्यांसमोर तो १९७४ चा धूर उभा राहिला आणि तोंडून शब्द फुटेना.

“थांब रे,” सौभाग्यवती म्हणाल्या. सकाळपासून त्या खोक्यांतून निघालेले कागद गोळा करून नीट लावत होत्या. त्यांतली मदरबोर्डाची पुस्तिका त्यांच्या हाती होती. “यात दिवा लागल्यावर थांबायला सांगितलंय, असं दिसतं. ह्यांना वाचू दे आधी.” आम्ही चष्मा लावून वाचले. नव्या डी.डी.आर.५ रॅमची बोर्डाशी पहिली ओळख होताना तो तिची गती व वेळा स्वतः पारखून घेतो. त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळा असतो. मध्येच वीज तोडू नये.

त्या आत जाऊन चहाचे आधण ठेवून आल्या. चहा गाळला जात असताना पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. नातू काही बोलला नाही. पहिला कप मात्र त्याने आजीच्या हातून घेऊन आमच्या हाती दिला.

आता दोन महिने होत आले. तिन्ही अटी पाळल्या जात आहेत. येत्या पावसाळ्यात येथली दमट हवा आणि धूळ मिळून पंख्यांवर राप चढेल; तो दर महिन्याला मऊ कुंचल्याने काढण्याचे काम आमच्याकडे आहे. संध्याकाळी खेळ संपला की, सौभाग्यवती त्याच यंत्रावर देवनागरी कळफलक शिकत बसतात आणि बडोद्याच्या बहिणीला पत्रे लिहितात.

हिशेबाची वही त्यांच्याच ताब्यात आहे. खर्च वजा जाता त्या वेळी तीनशे चाळीस रुपये उरले होते. त्यापुढे नातवाने ‘साठवणीची दुसरी चकती’ असे लिहून ठेवले आहे. गेल्या आठवड्यात आम्ही त्याखाली गुपचूप दोनशे रुपये जमा केले. आज पाहतो तो त्याखाली आणखी शंभर रुपये मांडलेले आहेत, आणि अक्षर त्याच्या आजीचे आहे.